रात्री माळ्यावर कोण चालतं, आणि त्याला बाहेर कसं काढावं?

पोफळीखालचा · १४ मार्च, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी.

डोंबिवलीत ३४ वर्षं काढून गेल्या दिवाळीपासून आम्ही दोघं गावच्या घरी राहायला आलो आहोत. देवरुखच्या पुढे, आजोबांनी बांधलेलं घर. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, माजघरावर लाकडी माळा. घराच्या उभ्या दोन वाटण्या आहेत. अर्ध्यात आम्ही, अर्ध्यात चुलतकाका.

अडचण अशी, की दिवसा छप्पर वानरांचं असतं आणि रात्री माळा आणखी कुणाचा तरी. वानरं सकाळी नऊच्या सुमाराला फणसावरून थेट कौलांवर उडी टाकतात. जानेवारीपासून ६२ कौलं बदलली. बायकोने वहीत तारखेवार लिहून ठेवली आहेत, वर्षअखेरीला वानरांना बिल पाठवायचं असल्यासारखी. पण ती निदान दिसतात तरी. रात्रीचं प्रकरण वेगळं आहे. साडेदहाला दिवे मालवले की वर धप्पकन आवाज होतो, आणि मग कुणीतरी अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातं. मांजरापेक्षा जड, माणसापेक्षा हलकं. सकाळी माळ्यावर लेंड्या सापडतात, त्यात बिया. पपईच्या ओळखू येतात, बाकीच्या गोल आणि टणक.

आजवर केलेले उपाय: डांबराच्या गोळ्या (सगळ्या एका कोपऱ्यात ढकललेल्या सापडल्या), मिरचीची धुरी (आम्हीच अंगणात झोपलो), रात्रभर दिवा (तो बघायला किडे आले, किडे खायला पाली आल्या).

काकांना विचारलं तर "आमच्याकडे काही नाही बुवा" एवढंच म्हणाले.

कोण असावं हे? आणि न मारता बाहेर कसं घालवावं? पावसाआधी सोक्षमोक्ष लावायचा आहे.

---

चहाबिस्कीट · १४ मार्च, ११:५०

रुमाल टाकून ठेवते.

---

निव्वळ_वाचक · १५ मार्च, सकाळी ७:०५

अनवाणी चालणारे आजोबाच असतील. ३४ वर्षं घर टाकून डोंबिवलीला जाता, ते विचारायला येणारच. हलकं घ्या.

---

मालवणी_तडका · १५ मार्च, ७:३१

उदमांजर आसा तां, दुसरा काय नाय. आमच्या माळ्यार धा वर्सा रवलेला, भाड्याशिवाय.

---

ढोलीतलं_घुबड · १५ मार्च, ९:१४

तडका यांना अनुमोदन. बियांवरून जवळजवळ खात्रीच. साधं उदमांजर, काही भागांत याला कांडेचोर म्हणतात. नावात मांजर असलं तरी ते मांजरापेक्षा मुंगसाला जवळचं. मुख्य खाणं फळं: पपई, केळी, पेरू, जांभळं, आंबे. जोडीला उंदीर, किडे, अंडी. त्या गोल टणक बिया भेर्लीमाडाच्या असाव्यात, घराजवळ एखादा आहे का बघा. भेर्लीमाडाची फळं म्हणजे या प्राण्याचं पक्वान्न, आणि रानात त्याच्या बिया पसरवायचं कामही हाच करतो. माडीच्या मडक्यांत तोंड घालायची खोड असल्यामुळे इंग्रजांनी याला ताडीमांजर असं नाव दिलं होतं.

खात्री करायची सोपी रीत: त्याच्या वाटेवर रांगोळी भुरभुरा. मांजराच्या पावलाची चार बोटं उमटतात, उदमांजराची पाच.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा प्राणी संरक्षित आहे. म्हणजे मारणं तर सोडाच, स्वतः सापळा लावून पकडणं आणि दुसरीकडे नेऊन सोडणंही चालत नाही. अगदीच अडलं तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

---

चहाबिस्कीट · १५ मार्च, ९:२०

हेच ना ते, ज्याच्या लेंड्यांतल्या बिया धुऊन महागडी कॉफी करतात? पोफळीखालचा, तुम्ही माळ्यावर सोन्याची खाण घेऊन रडताय.

---

वेंगुर्ल्याची_सून · १५ मार्च, दुपारी १:३८

रात्री परसात आंबेमोहोर भात शिजल्यासारखा वास येतो का? येत असेल तर तेच. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, या घरात मध्यरात्री भात कोण लावतं. सासूबाई म्हणाल्या, "कोणी लावत नाही, उदमांजर गेलं असेल." मला वाटलं थट्टा करताहेत.

---

पोफळीखालचा · १५ मार्च, संध्याकाळी ६:०२

येतो!! गेला महिनाभर बायको म्हणते आहे, काकू रात्री अकराला भात का लावतात म्हणून. मी तिला म्हटलं होतं, दुसऱ्याच्या चुलीत कशाला डोकावतेस.

भेर्लीमाड आहे, विहिरीजवळ. रांगोळी आज टाकतो.

---

रोखठोक७७ · १५ मार्च, ८:१०

एवढं पुराण कशाला? छऱ्याची बंदूक घ्या, दोन रात्री जागा, विषय संपला. आमच्या आज्याने कायदा विचारला नव्हता.

---

हिरवी_पायवाट · १५ मार्च, ८:२७

किती क्रूर! मुळात ते आपल्या घरात घुसलेले नाहीत, आपण त्यांच्या घरात घुसलो आहोत. थोडं सहजीवन शिकायला काय हरकत आहे?

---

रोखठोक७७ · १५ मार्च, ८:३१

ताई, आपण राहता कुठे?

---

हिरवी_पायवाट · १५ मार्च, ८:४०

बाणेर. अकरावा मजला. त्याचा इथे काय संबंध?

---

निव्वळ_वाचक · १५ मार्च, ८:४१

फुटलो.

---

हिरवी_पायवाट · १५ मार्च, ९:०३

हसा. आमच्याकडे कबुतरं आहेत. जाळी लावली तर जाळीच्या आत अंडी घातली. सहजीवन मी रोज बाल्कनी धुऊन शिकते आहे.

---

वासे_आणि_आढं · १६ मार्च, सकाळी १०:२२

बांधकामातली नोकरी संपवून आता गुहागरला स्वतःचं जुनं घर सावरत बसलेला माणूस आहे, म्हणून लिहितो.

प्राणी घालवायच्या मागे लागू नका. वाट शोधा. कौलारू घरात वाटा ठरलेल्या असतात. पहिली वळचणीला: भिंतीच्या माथ्यावर वासे टेकतात तिथे दोन वाशांमध्ये वीतभर पोकळी राहते. आपल्या पूर्वजांनी ती हवेसाठीच सोडली होती, चुलीचा धूर तिथूनच जायचा. आता चूल गेली, धूर गेला, म्हणून भाडेकरू आले. खरं सांगतो, धूर होता तोवर माळ्यावर कुणी टिकत नसे. दुसरी वाट सरकलेल्या कौलाची, आणि ती तुमची वानरं रोज नव्याने करून देतात. म्हणजे दिवसपाळीवाले रात्रपाळीवाल्यांना दार उघडून जातात. तिसरी, न्हाणीघराच्या पाइपाभोवती सोडलेली भगदाडं.

दुपारी माळ्यावर जा, सगळं बंद करून अंधार करा, आणि उजेड कुठून येतो ते बघा. जिथून मूठ जाईल ते भोक मोठं समजा. बंद करताना सिमेंटने लिंपू नका, हवा खेळली नाही तर वाशांना कसर लागेल. अर्ध्या इंची वेल्डमेश जाळी, वाशाला पट्टी मारून. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी नको, ती उंदीर कुरतडतात आणि उदमांजर उचकटतं.

फणसाची छपराकडे आलेली फांदी आठ फूट तरी मागे छाटा. पोफळी-माडांना माणसाच्या उंचीच्या वर पत्र्याचा पट्टा मारा, आपण उंदरांसाठी मारतो तसाच.

आणि एक प्रश्न: मधली सामाईक भिंत आढ्यापर्यंत गेली आहे का, की माळ्याच्या उंचीवरच थांबली आहे?

---

मामाचा_गाव · १६ मार्च, ११:१५

एवढं करण्यापेक्षा कौलं उतरवून रंगीत पत्रे घाला. आम्ही घातले. वानरं नाचू देत नाहीतर लेझीम खेळू देत.

---

वेंगुर्ल्याची_सून · १६ मार्च, ११:४०

आणि एप्रिलमध्ये दुपारी घरात बसून दाखवा. आमच्या दिरांनी घातले पत्रे. पावसात शेजारी बसलेल्या माणसाशी फोनवर बोलावं लागतं.

---

दिल्लीचा_धोंडू · १६ मार्च, दुपारी ३:०९

वानरांवरून आठवलं. इकडे त्रास लाल तोंडाच्या माकडांचा. सरकारी कचेऱ्यांत फायली नेतात, फ्रीज उघडतात. त्यांना पळवायला पूर्वी काळतोंडी वानरं घेऊन माणसं पगारावर असायची. वानरं पाळण्यावर बंदी आल्यावर वानरांचा आवाज काढणारी माणसं नेमली. २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी तर रस्त्यांवर वानरांचे पुठ्ठे उभे केले होते. तेव्हा पोफळीखालचा, तुमची वानरं इकडे पाठवा. पक्की नोकरी आहे.

---

पोफळीखालचा · १६ मार्च, ४:००

आमच्याकडे दोन्ही आहेत हो. लाल तोंडाची माकडं स्वयंपाकघरात येतात, वानरं छपरावर. इथे एकमेकांना घाबरत नाहीत, हंगाम वाटून घेतात.

---

शिमग्याचं_सोंग · १६ मार्च, ४:४५

शिवमोग्याकडच्या एका शेतकऱ्याने २०१९ मध्ये माकडांसाठी आपल्या कुत्र्याला वाघासारखे पट्टे रंगवले होते, बातमी सगळीकडे फिरली होती. ती वाचून आमच्या वडिलांनी वाघाची छापील चादर अंगणात वाळत घातली. पहिले चार दिवस वानरांनी अंगणात पाय ठेवला नाही. पाचव्या दिवशी एक पिल्लू येऊन शेपटीचं टोक ओढून गेलं. आठव्या दिवशी चादर फणसावर.

---

खारेपाटणकर · १६ मार्च, ५:३०

त्या पीव्हीसी पाइपच्या कार्बाइडच्या बंदुका बाजारात मिळतात, माकडांसाठी म्हणून. कृपया कुणी आणू नका. उडाली नाही म्हणून माणूस नळीत डोकावतो, आणि तेव्हाच उडते. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडे कितीतरी मुलांचे डोळे त्याने गेले. माझ्या भाच्याची भुवई गेली, डोळा थोडक्यात वाचला.

---

मेलबर्नचा_मोरू · १७ मार्च, पहाटे ४:५५

इकडे हाच प्रकार पॉसम करतात. पोटात पिशवीवाला, मांजराएवढा प्राणी. आमच्या छतात दोन वर्षं होता आणि धप्पकन आवाजाची वेळही साडेदहाचीच, बहुतेक जगभर ठरलेली असावी.

इथला नियम असा, की पॉसम पकडला तर त्याच आवारात, पकडल्या जागेपासून ५० मीटरच्या आत, आणि त्याच दिवशी सूर्यास्तानंतर सोडावा लागतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो, मग पकडायचा कशाला? नंतर कळलं. लांब नेऊन सोडलेला परक्या हद्दीत बहुतेक मरतो, आणि तुमच्या छतातली रिकामी जागा दुसरा पॉसम भरतो. म्हणून इथे पकडण्यापेक्षा एकेरी दार बसवतात. भोकावर आतून बाहेर ढकलली जाणारी झडप. रात्री चरायला बाहेर पडतो, पहाटे येतो तर दार बंद. त्याच्यासाठी बाहेर झाडावर एक लाकडी पेटी टांगायची, म्हणजे तो दारावर डोकं आपटत बसत नाही.

पण त्याआधी वर पिल्लं नाहीत ना, हे बघा. आमच्या शेजाऱ्याने न बघता भोक बुजवलं. आई बाहेर, पिल्लं आत. पुढचा आठवडा त्याला घरात राहवेना, आधी आवाजाने आणि मग वासाने.

---

टोरंटोची_टिकली · १७ मार्च, ७:१२

रॅकूनवाल्यांतर्फे हजेरी. आमच्या शहराने २०१६ पासून रॅकूनला उघडता येणार नाही अशा कडीच्या हिरव्या कचरापेट्या वाटल्या. रॅकूनने उघडल्या. माझ्या सासऱ्यांना मात्र अजून उघडत नाही.

---

जुन्नरी_मिरची · १७ मार्च, ९:४८

तुमचं उदमांजर द्या, आमचा बिबट्या घ्या.

पिल्लांचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्याकडे बिबट्या उसातच वितो. ऊसतोड सुरू झाली की फडात बछडे सापडतात. पूर्वी लोक उचलून आणायचे, घोळका जमायचा, मोबाइलवर फोटो. आई रात्री येऊन बघायची तर बछडे नाहीत, मग ती वस्तीभोवती घिरट्या घालायची आणि गाव पेटायचं. आता वनखात्याचे आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे लोक येतात, बछडे तपासतात, आणि संध्याकाळी त्याच बांधावर क्रेटमध्ये ठेवतात. रात्री आई येते आणि एकेक करून घेऊन जाते. माझ्या माहेरच्या शेतात हे झालंय. सकाळी रिकामा क्रेट बघून माझा भाऊ, जो आदल्या दिवशी कुऱ्हाड घेऊन उभा होता, तो म्हणाला, "नेली बघ तिने." त्याचा आवाज मी त्याआधी तसा कधी ऐकला नव्हता.

बिबट्या दारात कुत्र्यासाठी येतो. रात्री कुत्रं घरात आणि शेळ्या बंद गोठ्यात घ्यायला लागल्यापासून आमच्या वस्तीवर फेऱ्या कमी झाल्या. थांबल्या असं नाही म्हणणार.

---

रोखठोक७७ · १७ मार्च, १०:०५

मिरचीताई, तुमच्यापुढे माझी बंदूक म्यान.

---

कोयनाकाठ · १७ मार्च, दुपारी १२:३०

माळ्यावर उंदीर असतील तर मागोमाग साप येणार हे लक्षात ठेवा. आमच्याकडे रात्री भिंतीवरून पट्ट्यापट्ट्यांचा साप उतरला. मण्यार! काठीने मारला. तेव्हापासून घराभोवती कार्बोलिक ऍसिड शिंपडतो, पुन्हा आला नाही.

---

ढोलीतलं_घुबड · १७ मार्च, १२:५५

कोयनाकाठ, भिंतीवरून उतरला म्हणता, तर तो बहुधा कवड्या असावा. बिनविषारी, पाली खायला भिंती चढतो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे डोक्यामागे थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात. अर्थात अंधारात कुणी पट्टे मोजत बसू नये, लांब राहून सर्पमित्राला बोलवावं. आणि ऍसिडने साप येत नाही हा निव्वळ समज आहे. वास असेपर्यंत आपल्यालाच श्वास घेववत नाही एवढंच.

मण्यारीचं भय खरं आहे. रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावा इतका बारीक की कित्येकदा कळतच नाही. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. चावलाच तर मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, सरळ सरकारी दवाखाना. लस तिथेच असते.

---

कोयनाकाठ · १७ मार्च, १:२०

चाळीस वर्षं आम्ही मण्यारच म्हणत आलो. पट्टे मानेपासूनच होते. वाईट वाटलं.

---

चहाबिस्कीट · १७ मार्च, १:२५

विषयांतर पुरे. रांगोळीचं काय झालं?

---

पोफळीखालचा · २९ मार्च, रात्री ९:१७

उशिराबद्दल माफी. रेंज फक्त गोठ्याच्या मागे येते.

रांगोळीत पाच बोटं. त्याच्या शेजारी बायकोची पाच बोटं, ती रांगोळी बघायला वर गेली तेव्हाची. तिचं म्हणणं, तुमच्या धाग्यावरचं ते घुबड खूप हुशार आहे.

मोरूंचं वाचून आधी पूर्ण माळा तपासला. जुन्या वायनामागे, सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या बिछान्याच्या वळकटीत, तीन पिल्लं. राखाडी, डोळे नुकतेच उघडलेले. वळकटी पोकळ करून आत छान घर केलंय. आई नव्हती, किंवा असेल तर दिसली नाही. मी टॉर्च बंद करून मागच्या मागे खाली उतरलो. गवंडी दुसऱ्या दिवशी येणार होता, त्याला नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, मांजराच्या बाळंतपणासाठी काम थांबवणारं पहिलंच गिऱ्हाईक."

---

वेंगुर्ल्याची_सून · २९ मार्च, ९:३०

बाळंतविडा पाठवू का?

---

जुन्नरी_मिरची · २९ मार्च, ९:४४

हात लावला नाहीत, उत्तम केलंत. एप्रिलभर थांबा. आईबरोबर बाहेर पडायला लागली की मग मोरूंची झडप.

---

हिरवी_पायवाट · २९ मार्च, १०:०१

सहजीवन.

(एवढंच म्हणते आणि गप्प बसते.)

---

पोफळीखालचा · २१ मे, रात्री १०:०५

वृत्तान्त.

एप्रिलभर आम्ही खाली, ती मंडळी वर. पपया आम्ही कच्च्याच उतरवल्या, तेव्हा रात्रीची वर्दळ थोडी कमी झाली. मेच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं आईमागून वाशावरून उतरताना दिसली, एकामागून एक, शाळेत निघाल्यासारखी. ८ तारखेला वळचणीच्या मुख्य भोकावर झडप बसवली. लोखंडी जाळीची चौकट, आणि खाली वजनाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. बाकीची सगळी भोकं वासे_आणि_आढं यांनी सांगितल्याप्रमाणे आधीच जाळीने बंद केली होती. गोठ्याच्या आढ्याला एक फळकुटांची पेटी टांगली. तीन रात्री माळ्यावर रांगोळी कोरी राहिली. १२ तारखेला झडपही बंद केली.

फणसाची फांदी छाटली, त्यामुळे वानरांना आता गडग्यावरून यावं लागतं. तिथे बायको बेचकी घेऊन बसते. एकदाही मारलेली नाही, नुसती रबर ताणून दाखवते. वानरं तिला ओळखतात. मला ओळखत नाहीत, मी बसलो की येतात. मे महिन्यात फुटलेली कौलं ४.

सहा रात्री सुखाने झोपलो.

१९ तारखेला साडेदहाला धप्प.

---

निव्वळ_वाचक · २१ मे, १०:०७

आजोबा!

---

वासे_आणि_आढं · २१ मे, १०:२०

मी १६ मार्चला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

---

पोफळीखालचा · २१ मे, १०:४८

मधल्या भिंतीचा ना? तो प्रश्न वाचून सोडून दिला होता, चूक झाली. काल शिडी लावून बघितलं. भिंत माळ्याच्या वर दोन हात गेली आहे आणि थांबली आहे. आढं सलग, कौलं सलग, वर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पोकळी. १९७१ साली वाटणी झाली तेव्हा जमिनीवरचं सगळं मोजून वाटलं, अगदी पाट्यावरवंट्यापर्यंत. वर कुणी बघितलंच नाही.

म्हणजे मी माझ्या बाजूची आठ भोकं बुजवली आणि ती मंडळी काकांच्या वळचणीतून शिरून, भिंतीवरून उडी टाकून परत माझ्याकडे. त्यांची वळकटी माझ्याच माळ्यावर आहे ना.

काकू दर शनिवारी मागच्या पडवीत वानरांना केळी ठेवतात, हेही त्या शिडीवरूनच दिसलं. उरलेली केळी रात्री कोण खातं ते सांगायला नको.

आता उपाय दोनच. काकांच्या बाजूची भोकं बुजवणं, किंवा भिंतीपासून आढ्यापर्यंत जाळीचा पडदा. दोन्हीसाठी काकांची संमती लागते, आणि आम्ही विहिरीच्या पंपापासून फारसं बोलत नाही. पाऊस पंधरा-सतरा दिवसांवर आला. काका हे वाचत नाहीत म्हणून मोकळेपणाने लिहितो आहे. कसं विचारावं?

---

मालवणी_तडका · २१ मे, ११:०२

उदमांजराक वकीलपत्र द्या.

---

खारेपाटणकर · २२ मे, सकाळी ८:१५

थेट विचारा. सकाळी, चहाच्या वेळेला, आणि आधी केळ्यांचा विषय काढू नका. आमचं बांधाचं भांडण एका घोणशीमुळे मिटलं. दोघांनाही सर्पमित्राला बोलवायचं होतं आणि फोन एकाकडेच होता.

---

जुन्नरी_मिरची · २२ मे, ९:००

काकूंशी तुमच्या मिसेसना बोलू द्या. पुरुष पंपावर जातील.

---

सामाईक_आढं · २४ मे, रात्री ८:३६ (सदस्यकाळ: १ दिवस)

नमस्कार. नातवाने हा धागा वाचून दाखवला. नंतर मी स्वतः वाचला, पहिल्यापासून.

मार्चमध्ये आमच्याकडे काही नाही म्हणालो ते खरंच होतं. ते सगळं तुझ्याकडेच जात होतं. आता आमच्या देवघरावर चालतं. परवा समईत लेंडी.

गवंड्याशी बोललो आहे, गुरुवारी येतो म्हणाला. जाळी आढ्यापर्यंत घेऊ. निम्मे पैसे देईन. बिछान्याची वळकटी तेवढी गोठ्यातल्या पेटीत नेऊन ठेव, त्यांना सवयीची आहे. केळ्यांचं तुझ्या काकूला मी सांगणार नाही, तूच सांग.

पंपाचा विषय यात आणू नये.

---

चहाबिस्कीट · २४ मे, ८:४०

पंपाचा वेगळा धागा काढा. रुमाल टाकून ठेवते.